दोन सीटची मियाटा, मागे ट्रेलर, बॉनेटखाली टर्बो

अमेरिकेत शनिवारी पहाटे हायवेला लागलं, तर कधीतरी एक अजब जोडी नजरेस पडते. पुढे लाल रंगाची, छातीच्याही उंचीला न पोचणारी, दोनच माणसं मावतील अशी स्पोर्ट्स कार. मागे सव्वा मीटर लांबीरुंदीचा ट्रेलर आणि त्यावर पट्ट्यांनी आवळलेले चार टायर, जॅक, पान्यांची पेटी, एखादी घडीची खुर्ची. शेजारून अठरा चाकी ट्रक सुसाट निघून गेला की जोडी जराशी हेलकावते आणि पुन्हा आपली सरळ चालू लागते. या देशात सामान ओढायला हत्तीएवढे पिकअप ट्रक मिळत असताना हे खूळ कशासाठी?

कारण साधं आहे. ऑटोक्रॉस नावाचा खेळ तिथे गावोगाव चालतो. मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर रबरी शंकू मांडून नागमोडी मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सोडायची. फेरी जेमतेम मिनिटभराची, आणि शंकू पाडला की प्रत्येकी दोन सेकंदांचा दंड. या मिनिटभरासाठी मऊ रबराचे, रस्त्याला चिकटून राहणारे खास टायर लागतात. ते हायवेवर घासले तर मैदानावर पोचेपर्यंत त्यांचा अर्धा जीव गेलेला असतो. म्हणून येताना साधे टायर, मैदानावर पोचल्यावर खास टायर, जाताना पुन्हा साधे. चार जादा चाकं म्हणजे पन्नास-साठ किलोंचं लोढणं, आणि या गाडीच्या डिकीत धड दोन बॅगा बसत नाहीत. मग ट्रेलरशिवाय गत्यंतर काय? स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा २००९पासून नेब्रास्कातल्या लिंकन शहरात होत आल्या आहेत. डेन्व्हरहून लिंकन पावणेआठशे किलोमीटर. तेवढं अंतर ट्रेलर ओढत जाणारे आहेत.

ही छोटी गाडी बहुतेक वेळा माझदा मियाटा असते. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबसवर वाचलेलं. त्या कंपनीची ही स्पोर्ट्स कार भारतात कधी विकायलाच आली नाही. जन्मकथा मात्र ऐकण्याजोगी आहे. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९मध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंसमोर एक कल्पना मांडली: जुन्या ब्रिटिश दोन सीटर गाड्यांसारखी हलकी, स्वस्त, उघडी गाडी काढा, पण न बिघडणारी. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रत्यक्ष उभी राहिली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी मियाटा बाहेर पडली. इतक्या संख्येने दुसरी कुठलीच दोन सीटर स्पोर्ट्स कार बनलेली नाही. संख्या मोठी म्हणून जुन्या गाड्या आणि सुटे भाग मुबलक, आणि ते मुबलक म्हणून घरच्या गॅरेजात पाना घेऊन झोपणारे हौशीही मुबलक.

ट्रेलर ओढायला ही गाडी बनवलेली नाही, असं खुद्द कंपनीचं म्हणणं. हौशी लोक मागच्या बंपरखाली, बॉडीच्या मजबूत भागाला बोल्ट लावून एक लोखंडी आडवी पट्टी बसवतात आणि तिच्यावर ट्रेलर अडकवायचा गोळा. दिसायला एवढंच काम. खरी गंमत त्या गोळ्यावर किती वजन टेकतं यात आहे.

समजा ट्रेलर सामानासकट १७० किलोंचा आहे. त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे वीसेक किलो, गोळ्यावर पडायला हवेत. हा गोळा मागच्या आसापासून साधारण मीटरभर मागे असतो आणि मियाटाच्या दोन आसांमधलं अंतर २,२६५ मिलीमीटर. तरफेचं शाळेतलं गणित मांडलं तर मागे २० किलो ठेवल्यावर पुढची चाकं आठ-नऊ किलोंनी हलकी होतात. मोठ्या गाडीला याचा पत्ताही लागत नाही. पण पुढेमागे जवळजवळ निम्मं-निम्मं वजन वाटून जिची नजाकत साधली आहे, तिच्या स्टिअरिंगला हा फरक बोटांत जाणवतो.

मग गोळ्यावरचं वजन कमीच ठेवावं की! तिथेच घात आहे. ट्रेलरचा भारमध्य त्याच्या आसाच्या पुढे असेल तर वाऱ्याच्या झोताने बसलेला हिसका आपोआप जिरतो. भार आसाच्या मागे सरकला की उलटं. एक डोलकावा दुसऱ्याला जन्म देतो, प्रत्येक डोलकावा आधीपेक्षा मोठा, आणि ठरावीक वेगाच्या पुढे मागचं शेपूट पुढच्या गाडीला झाडू लागतं. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला की ट्रेलर आणखी पुढे रेटतो. पाय फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग उतरू द्यायचा. जाणकार म्हणून ट्रेलरचा दांडा मुद्दाम लांब करून घेतात, जड पेटी आसाच्या पुढे ठेवतात आणि पेट्रोल भरायला थांबले की ट्रेलरच्या चाकाच्या हबला हात लावून बघतात. हाताला चटका बसला तर बेअरिंगचं ग्रीस गेलं समजायचं. आठ इंची रिमची ती चिमुकली चाकं ताशी १०० किलोमीटरला मिनिटाला तेराशेच्या घरात फिरतात, गाडीची चाकं सव्वानऊशे. रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर कोणी शहाणपणा करत नाही. आखूड ट्रेलर मागे घेताना क्षणात वाकडा होतो, म्हणून तो सोडवून सरळ हाताने ढकलतात. काही बहाद्दरांनी तर अपघातात गेलेल्या मियाटाचा मागचा अर्धा भाग कापून त्याचाच ट्रेलर केला आहे. डिकी तीच, दिवेही तेच.

इथवर शहाणपणाचा भाग झाला. ट्रेलर लोक गरजेपोटी लावतात. टर्बो निव्वळ हौसेपोटी.

इंजिनाची भूक आधी समजून घेऊ. १.६ लिटरचं चार फटक्यांचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दर सेकंदाला ८० लिटरच्या आसपास हवा ओढतं. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असं जळणाचं प्रमाण. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण त्याला जाळायला हवा कुठून आणणार? इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे त्याच्या छातीत जास्त हवा कोंबायची. दुसरीकडे जळलेल्या पेट्रोलची साधारण एक तृतीयांश ऊर्जा तापलेल्या धुरातून सायलेन्सरवाटे फुकट जाते. टर्बोने या दोन गोष्टींची गाठ घातली: जाणाऱ्या धुराने चाक फिरवायचं आणि त्याच चाकाच्या जोरावर येणारी हवा दाबायची.

टर्बो हातात घेऊन पाहावा. दोन शंखाकृती कवचं, एक ओतीव लोखंडाचं, दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं. आत एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पाती-चाकं. धुराकडचं निकेलच्या मिश्रधातूचं, काळपट आणि जड. हवेकडचं अ‍ॅल्युमिनियमचं, पाती इतकी पातळ की नखाने वाकतील असं वाटावं. बोटाने टिचकी मारली की दांडा आवाज न करता फिरत राहतो. हलवून पाहिला तर तो किंचित डुगडुगतो. नवशिक्याला वाटतं, माल खराब निघाला. साध्या बेअरिंगच्या टर्बोत ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. चालू इंजिनात तिथे दाबाने तेल येतं आणि दांडा त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, धातूला धातू लागत नाही.

आता आकडे ऐका. मियाटावर बसतो तेवढ्या टर्बोच्या हवेकडच्या चाकाचा व्यास सुमारे ६० मिलीमीटर. ते मिनिटाला दीड लाख फेऱ्यांनी फिरतं, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. व्यासाला पायने गुणून पाहिलं तर चाकाची कड सेकंदाला ४७० मीटर वेगाने धावते. आवाजाचा हवेतला वेग ३४० मीटर. गाडी सिग्नलवरून सुटून हायवेला लागत असते आणि तिच्या बॉनेटखाली तळहाताएवढ्या डब्यात धातूची कड आवाजाला मागे टाकत असते! त्या वेगाला कडेवरचा एक ग्रॅम धातू साडेसातशे किलोंच्या जोराने बाहेर खेचला जातो. एक ग्रॅम! आणि हे सगळं अशा दांड्यावर, ज्याच्या एका टोकाला ९०० अंशांचा धूर आणि वीतभरही दूर नसलेल्या दुसऱ्या टोकाला बाहेरची गार हवा आहे.

ही युक्ती मोटारीसाठी जन्मलेली नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखीने १९०५मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिलं ठोस यश मिळालं ते १९२०च्या दशकात, प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर. त्यांच्या डिझेल इंजिनांची ताकद १,७५० अश्वशक्तीवरून २,५००वर गेली. त्याआधीच, १९१८मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेलं होतं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावरच्या विरळ हवेत २३०वर आलं. टर्बो जोडल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या वर! डोंगराने हिरावलेली हवा धुराने परत मिळवून दिली.

मोटारीत मात्र सुरुवातीला फजितीच झाली. १९६२च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बोसोबत एक वेगळी टाकी होती. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरायचं. दाबलेली हवा तापते, ती या फवाऱ्याने गार करायची योजना. कल्पना चोख, पण गाडीवाल्यांनी टाकी भरायचाच कंटाळा केला. टाकी रिकामी झाली की गाडी आपणच दाब कमी करून मंदावायची आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन हजर व्हायचं. शेवटी कंपनीने पुष्कळ गाड्यांचे टर्बो स्वतः काढून दिले.

जेटफायरला ज्या उष्णतेने छळलं तीच आजही टर्बो बसवणाऱ्याची खरी डोकेदुखी आहे. ३० अंशांची हवा दीडपट दाबली की ती ८० अंशांपुढे जाते. सिलिंडरमध्ये गेल्यावर आणखी दाबली जाते, आणि मग ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा तो आवाज. तो ऐकूनही पाय दाबून धरला तर पिस्टनच्या कडा तुटतात. उपाय तीन: हवा इंटरकूलरमधून गार करून न्यायची, पेट्रोल थोडं जास्त द्यायचं, ठिणगी थोडी उशिरा पाडायची.

जुन्या मियाटात हे करताना एक मजेदार अडचण येते. १.६ लिटरच्या गाडीत हवा मोजायला एक झडप आहे. जितकी हवा जास्त, तितकी झडप जास्त उघडते आणि त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल ठरवतो. टर्बो लावल्यावर झडप सताड उघडते, पुढे वाढलेली हवा मोजायला तिच्यापाशी मापच उरत नाही. पूर्वी लोक पेट्रोलचा दाब वाढवून वेळ मारून नेत. पुढे २००१च्या सुमारास ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा, घरी डाग देऊन जोडता येणारा संगणक लोकांहाती दिला. हौशी माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन इंजिनाच्या प्रत्येक वेगाला किती पेट्रोल आणि ठिणगी किती अंश आधी, हा तक्ता स्वतः भरू लागला. मला यातलं सगळ्यात थोर काम हेच वाटतं. टर्बो पैसे टाकून विकत मिळतो. तो तक्ता शिकूनच भरावा लागतो.

इंजिन स्वतः हा मार सोसतं, कारण त्याच घराण्यातलं इंजिन माझदाने ३२३ गाडीत कारखान्यातूनच टर्बो लावून विकलं होतं. बीड लोखंडाचं असल्याने दणकट. मग जोर पुढे सरकतो आणि साखळीतला पुढचा कच्चा दुवा शोधतो. आधी क्लच प्लेट घसरते. ती बदलली की पहिल्या वर्षांच्या १.६ गाड्यांचं लहान डिफरन्शियल दात टाकतं, म्हणून १९९४पासूनच्या १.८ गाडीचं मोठं डिफरन्शियल शोधत फिरावं लागतं. तेही झालं की पाळी कनेक्टिंग रॉडची.

मागे ट्रेलर जोडला की या सगळ्याचा हिशेब बदलतो. ऑटोक्रॉसमध्ये टर्बोला मिनिटभर राबायचं असतं, मग अर्धा तास विश्रांती. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हायवे १,६०० मीटरवरून चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी ३,४०० मीटरवर पोचतो. तिथली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन तृतीयांश उरते; साधी मियाटा ११६ची पाऊणशे-ऐंशी अश्वशक्तीवर येते. टर्बोवालीला त्याचं फारसं काही वाटत नाही, मॉसचं इंजिन चढलं तशी ती चढते. पण आता गणित पाहा. गाडी, माणूस, ट्रेलर मिळून १,२५० किलो धरले आणि शंभराला सहा असा चढ ताशी १०० किलोमीटरने चढायचा ठरवला, तर निव्वळ चढाला २७ अश्वशक्ती लागतात. वारा आणि टायर यांचे आणखी दहा-वीस. म्हणजे टर्बोविनाही, गिअर खाली टाकून आणि इंजिन किंचाळू देऊन, काम भागतं. टर्बोने ते वरच्या गिअरमध्ये, शांतपणे होतं, एवढाच फायदा.

किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते. चढभर टर्बो एकसारखा तापत राहतो. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असल्याने रेडिएटरला आधीच कोमट झालेली हवा मिळते आणि पाण्याचा काटा वर सरकतो. टर्बोला एक्झॉस्टशी धरून ठेवणारे स्टड तापून-निवून सैल होतात किंवा तुटतात. मियाटावाल्यांना हा त्रास इतका ओळखीचा की बरेच जण टर्बोच्या धुराकडच्या चाकाच्याच जातीच्या निकेल मिश्रधातूचे महागडे स्टड लावतात. आणि चढ संपला की उतार असतोच. बोगद्यापासून पलीकडच्या सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे ७०० मीटर खाली येतो. तेवढ्या उतरणीत १,२५० किलो जी ऊर्जा सोडतात, तिने तीन लिटर गार पाण्याची पूर्ण वाफ होईल. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. त्यामुळे जे इंजिनाने आणि वाऱ्याने रोखलं नाही, ते सगळं टनभर गाडीसाठी बनवलेल्या छोट्या डिस्कना गिळावं लागतं. टर्बो तिथे कवडीच्या उपयोगाचा नाही. म्हणून मुरलेले लोक क्रम उलटा लावतात: आधी ब्रेक आणि रेडिएटर, मग क्लच, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. उत्साही मंडळी टर्बोने सुरुवात करतात आणि टो-ट्रकवर शेवट.

आपल्याकडे असा उद्योग करायचा म्हटला तर कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. पण टर्बो तर आपल्या दारात आलाच आहे. रांजणगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनावर कंपनीनेच तो बसवून दिला आहे, आणि डिझेल जीपगाड्यांत तर तो कधीचाच आहे. तेव्हा तुमच्या गाडीत टर्बो असेल आणि तुम्ही कसारा किंवा खंबाटकी घाट दामटून चढून चहाला थांबलात, तर चावी लगेच फिरवू नका. इंजिन बंद झालं की तेल थांबतं, आणि तापल्या दांड्याभोवती उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. नव्या गाड्यांत तिथे पाणी खेळवलेलं असतं, तरी मिनिटभर इंजिन मंद चालू द्या, आणि तेल बदलायची तारीख टाळू नका.